कलमांच्या गावात आयकराचं कलम

मे महिन्यात आमच्याकडे कोणाला मान वर करायला सवड नसते. आंबा उतरवायचा, अढी लावायची, पेट्या भरायच्या, उरलेला कॅनिंगला घालायचा. अशा गडबडीत गेल्या वर्षी एक बागायतदार काका भर दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि मोबाइल पुढे केला.

"बघ रे, ह्या काय इला हा. आंब्यार खंय टॅक्स आसता? आणि माका नोटीस!"

मेसेज आयकर खात्याचा होता. निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, कर ठरवायचं वर्ष) २०२४-२५ साठी ६८,४०० रुपयांची मागणी. काकांचा चेहरा असा, जणू उद्या सकाळी कोणी घराला सील ठोकायला येणार.

कोकणात 'कलम' म्हटलं की डोळ्यांपुढे हापूसचं झाड येतं. आयकराची कलमं निराळी, त्यांना मोहोर येत नाही, व्याज येतं. पण त्याच कलमांमध्ये कर थकलेल्या माणसासाठी बऱ्याच वाटाही ठेवलेल्या आहेत आणि त्या बहुतेकांना ठाऊक नसतात. ठाऊक असते ती एकच, कागद कपाटात ठेवून गप्प बसायची. सगळ्यांत महाग वाट तीच.

(खाली जी कलमं सांगतो ती आयकर अधिनियम १९६१ ची. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, पण आधीच्या वर्षांच्या थकबाकीचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो. आज ज्यांच्या हातात जुनी मागणी आहे, त्यांना हेच आकडे कागदावर दिसतील.)

आधी कागद वाचा

पहिली गोष्ट, कागद खरा आहे का? १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला 'डिन' म्हणतात. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून पत्र खरं की बनावट ते पाहता येतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी हे करा. फोनवर ओटीपी मागणारा 'साहेब' खात्यातला नसतो.

पत्र खरं निघालं तर ते कोणत्या जातीचं आहे ते बघा. बहुतेकांना येते ती कलम १४३(१) ची सूचना. बंगळुरूच्या केंद्रात संगणक तुमचं रिटर्न तपासतो आणि ही सूचना पाठवतो. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, पॅन क्रमांक लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. इथेच निम्मे लोक अडकतात आणि न वाचताच सोडून देतात. आत दोन रकाने असतात. एकात तुम्ही रिटर्नमध्ये काय लिहिलं ते, शेजारी खात्याने काय धरलं ते. एकेक ओळ बोट ठेवून वाचत जा. ज्या ओळीत दोन्ही आकडे जुळत नाहीत, तिथे रोग.

काकांच्या कागदात जुळत नव्हतं ते एवढंच की भरलेला कर 'शून्य' दाखवत होता. त्यांनी घराच्या मागच्या बाजूला खोल्या काढून होमस्टे चालू केला होता, वर बऱ्यापैकी ठेवींचं व्याज. मुलाने मुंबईहून रिटर्न भरलं, उत्पन्न सगळं प्रामाणिकपणे दाखवलं, शेवटी कर देणं निघालं तेव्हा 'नंतर भरतो' हा पर्याय निवडला आणि विसरला. रिटर्न भरलं म्हणजे कर भरला, हा गैरसमज मी दर वर्षी दहा जणांच्या डोक्यातून काढतो.

आंब्याचं म्हणाल तर काका बरोबर होते. स्वतःच्या बागेतला आंबा विकून आलेले पैसे शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल आणि दुसरं उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेलं, तर दर ठरवताना आंब्याचे पैसे मोजणीत धरतात. आंब्यावर कर नाही, पण आंबा बाकीच्या उत्पन्नाला वरच्या टप्प्यात ढकलतो. दुसरं, सगळंच शेती नसतं. दुसऱ्याच्या बागेतला तयार आंबा कराराने घेऊन विकणारा व्यापारी शेतकरी ठरत नाही. आंब्याचा पल्प, कोकम सरबत, काजूगर सोलायचा कारखाना यांतला नफा धंद्याचा. मासेमारी तर शेती नाहीच, मग होडी आजोबांच्या काळापासूनची का असेना. "आमी काय, शेतकरीच" असं म्हणून रिटर्नच न भरलेल्या होडीवाल्यांच्या डोक्यावर काही वर्षांनी एकदम मोठा आकडा येऊन पडतो तो इथूनच.

मागणी चुकीची असेल तर

खरी थकबाकी आणि कागदावरची थकबाकी यांत पुष्कळदा फरक असतो, म्हणून पैशाची जुळवाजुळव करण्याआधी तो शोधावा. काकांच्या बँकेच्या पासबुकात मला १८,००० रुपयांचं एक चलन सापडलं. कर भरला होता, पण निर्धारण वर्ष चुकलं होतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ म्हणजे निर्धारण वर्ष २०२४-२५, हा घोळ जुन्या कायद्याने साठ वर्षं लोकांच्या गळ्यात घातला होता. (नव्या कायद्यात एकच 'कर वर्ष' केलंय. देर आये.) असं चलन भरल्यावर थोड्या दिवसांत पोर्टलवरूनच दुरुस्त होतं. ती मुदत गेली की तुमच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आमचा अर्ज गेला आणि मागणी पन्नास हजारांच्या आसपास आली. पैसे न भरता अठरा हजारांची थकबाकी मिटली, काका त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले.

दुसरी नेहमीची भानगड टीडीएसची. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याच्या पगारातून कंपनीने कर कापला, पण सरकारकडे जमाच केला नाही. मग २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा उतारा) कोरं आणि मागणी तुमच्या नावावर. अशा वेळी कलम २०५ तुमच्या बाजूचं आहे. कापला गेलेला कर खातं तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही, तशा सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या आहेत. पुरावा म्हणून पगाराच्या पावत्या आणि हातात पडलेला पगार दाखवणारं बँक स्टेटमेंट लागतं. ते जपून ठेवा.

कागदावर उघड दिसणारी चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत. फी नाही, वकील नाही, पोर्टलवरच होतं. त्याच पोर्टलवर 'प्रलंबित कामे' या भागात थकीत मागणीला उत्तर द्यायची जागा आहे. मागणी मान्य, किंवा पूर्ण अमान्य, किंवा इतकी मान्य आणि इतकी अमान्य, कारणासकट. हे उत्तर द्याच. नाही दिलं तर पुढच्या वर्षीचा रिफंड कलम २४५ खाली त्या मागणीत वळता होतो. तसं करण्याआधी खातं कळवतं, पण कळवतं ते ईमेलवर, आणि तो ईमेल बहुधा तीन वर्षांपूर्वी रिटर्न भरून देणाऱ्याचा असतो! स्वतःचा मोबाइल आणि ईमेल पोर्टलवर घालून घ्या, हे काम आजच्या आज करण्यासारखं.

मागणी खरी, पण हातात पैसे नाहीत

मागणीची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस असतात. ते उलटले की कलम २२०(२) चं व्याज चालू, दर महिन्याला एक टक्का. महिन्याचा एक दिवस जरी चढला तरी पूर्ण महिना धरतात. १,२०,००० थकले तर महिन्याला १,२००. चौदा महिने कागद कपाटात राहिला तर १६,८००. शिवाय अधिकारी कलम २२१ खाली दंड लावू शकतो आणि तो थकलेल्या कराएवढा होऊ शकतो.

हप्ते मागता येतात. कलम २२०(३) मध्ये तरतूद आहे, आणि अर्ज त्या तीस दिवसांच्या आत करायचा. बँकेसारखा यासाठी छापील फॉर्म नसतो, साधं पत्र चालतं. पण पत्र कसं लिहिता यावर पुष्कळ अवलंबून असतं. "परिस्थिती हलाखीची आहे, कृपया सवलत द्यावी" यावर कोणी अधिकारी काय निर्णय घेणार? त्याला तारखा आणि आकडे हवेत. आपलं उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हंगामाने येतं, हे त्याला समजावून सांगावं लागतं. बागायतदाराची वाशीच्या दलालाकडची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, जूनमध्ये हातात पडते. मच्छीमाराचं जून-जुलैच्या बंदीत चुलीपुरतंही येत नाही, होडी पाण्यात जाते ती नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. होमस्टेवाल्याचं दिवाळी, नाताळ आणि मे. म्हणून सहा सारखे हप्ते मागण्यापेक्षा आपल्या हंगामाला जुळणारे तीन मागा, सोबत बँक स्टेटमेंट जोडा, आणि अर्जाबरोबरच थोडी रक्कम भरून चलन लावा. माझ्या अनुभवात त्या एका चलनाचं वजन चार पानी विनवणीपेक्षा जास्त असतं. हप्ते मंजूर करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम थकीत धरली जाते, हेही मनाशी धरून चला.

कर्ज काढून भरावं का? हिशेब सोपा आहे. सरकारचं व्याज वर्षाला बारा टक्के, तेही सरळ. बँकेत सोनं ठेवून त्याहून स्वस्तात मिळत असेल तर भरून मोकळं व्हावं. सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी काढून सरकारचा एक टक्का चुकवणं म्हणजे गळती घागर बदलून बिनबुडाची घेणं.

व्याजमाफी अगदीच नाही असं नाही. कलम २२०(२अ) खाली प्रधान आयुक्तांकडे अर्ज करता येतो, तीन अटींवर. व्याज भरणं खरोखर जड जाणारं असावं, कर थकला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, आणि चौकशीत तुम्ही सहकार्य केलेलं असावं. तिन्ही लागतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, पुढच्या वर्षी मे महिन्यात 'तौक्ते', २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी. हाताबाहेरचं कारण याहून वेगळं काय असतं? पण अर्जाला पंचनाम्याची नक्कल लागते, आणि ती मागायला गेलो की लोक सांगतात, तीसुद्धा पुरात गेली. तहसील कार्यालयातून पुन्हा मिळते का, ते विचारून बघावं.

मुद्दलच कमी करून घ्यायचं, साहेबाशी बसून 'निम्म्यात मिटवा' म्हणायचं, असा कायमचा दरवाजा आपल्याकडे नाही. तडजोड आयोग होता, तो १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाला. अधूनमधून 'विवाद से विश्वास'सारखी योजना निघते, आणि तीही अपिलात अडकलेल्या वादांसाठी. दुसऱ्या खेपेची १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तिचे अर्ज ३० एप्रिल २०२५ ला थांबले. एक मात्र तपासून बघाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जुन्या बारीकसारीक मागण्या माफ केल्या. निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या प्रत्येकी २५,००० पर्यंत, आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या प्रत्येकी १०,००० पर्यंत, एका माणसाला मिळून एक लाखाच्या मर्यादेत. वीस वर्षांपूर्वीची एखादी नोंद अजून तुमच्या नावावर लटकत असेल तर ती या आदेशात बसते का पाहा.

मागणीच मान्य नसेल तर

नोटिशीला उत्तर न दिल्यामुळे अधिकाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने आदेश काढला, असं पुष्कळदा होतं. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली की बँक ती माहिती खात्याला कळवते. आंब्याचे रोख पैसे भरणाऱ्या माणसाला मग विचारणा येते, हे कुठले? तो गप्प बसतो, आणि सगळी रक्कम बेहिशेबी धरून चढ्या दराने कर लागतो. खरं तर त्याच्याकडे सातबारा असतो, त्यावर कलमांची नोंद असते, दलालाच्या पट्ट्या असतात. सगळं असतं, फक्त ते कोणी पाठवलेलं नसतं.

अशा आदेशावर तीस दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येतं. फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा, फी उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० किंवा १,००० रुपये. २०२० पासून ही अपिलं चेहराविरहित चालतात, कोणत्या शहरातला अधिकारी वाचतोय ते तुम्हाला कळत नाही, आणि फाइल काखेत मारून एसटीने कुठे जावंही लागत नाही. उशीर झाला तर कारण पटवून माफी मागता येते. मात्र रिटर्नमध्ये तुम्हीच कबूल केलेला कर आधी भरलेला हवा, नाहीतर अपील दाखल करून घेत नाहीत. काकांना अपिलाचा उपयोग नव्हता तो याचमुळे, त्यांचा आकडा त्यांच्याच रिटर्नमधला.

अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, हे लोकांना फार उशिरा कळतं. त्यासाठी कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. किती रक्कम आधी भरायची याचा आकडा मंडळ बदलत आलंय, २०१६ मध्ये वादातल्या मागणीच्या १५ टक्के होता, ३१ जुलै २०१७ पासून २० टक्के. अर्जाच्या दिवशी चालू असलेला आकडा विचारून घ्या. अधिकारी त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतो, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. अपील जिंकलात तर भरलेले पैसे महिना अर्ध्या टक्क्याने परत. हरलात तर तुम्ही द्यायचं ते एक टक्क्याने. तराजू कोणाच्या हातात आहे ते यावरून ओळखा.

अपिलात जायचं नसेल आणि चूक आपल्याच विरुद्ध झालेली असेल, तर कलम २६४ खाली आयुक्तांकडे फेरतपासणी मागता येते, वर्षभराच्या आत, ५०० रुपये फी भरून. ही वाट फार कमी लोक वापरतात. मला विचाराल तर छोट्या माणसाला ती अपिलापेक्षा बरी.

ज्यांना नोटीस आलेलीच नाही, पण मनात माहीत आहे की दोन वर्षं होमस्टेचे पैसे दाखवले नाहीत, त्यांच्यासाठी २०२२ पासून 'अद्ययावत रिटर्न' आहे. निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येतं. कर आणि व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्यावर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. ४०,००० देणं असेल तर पहिल्या वर्षी वर १०,०००, चौथ्या वर्षी २८,०००. परतावा मागायला किंवा कर कमी करायला हे रिटर्न चालत नाही. महाग आहे, पण खात्याने शोधून काढल्यावर जो दंड लागतो, चुकीची माहिती दिली असेल तर कराच्या २०० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काहीच नाही.

काहीच केलं नाही तर

आधी बँक. कलम २२६(३) खाली खातं तुमच्या बँकेला थेट पत्र पाठवतं आणि शिल्लक तिकडे वळते. होमस्टेच्या ज्या एजंटकडून तुमचं येणं असेल त्यालाही असंच पत्र जाऊ शकतं. मग प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं, त्याला जप्तीचे आणि लिलावाचे अधिकार असतात. तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत. दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण स्त्रियांना ती लागू होत नाही. पैसे असून जाणूनबुजून बुडवणाऱ्यावर खटला भरतात. ज्याच्याकडे नाहीतच, आणि जो तसं लिहून कळवतो, त्याची गोष्ट वेगळी.

नोटीस आल्यावर घाईघाईने बक्षीसपत्र करून बाग बायकोच्या नाहीतर सुनेच्या नावावर करायची, ही आमच्याकडची आवडती युक्ती. चालत नाही. मोबदल्याशिवाय बायको, अज्ञान मूल, सून यांच्या नावावर केलेली मालमत्ता वसुलीसाठी तुमचीच धरली जाते, आणि कारवाई चालू असताना केलेला व्यवहार कलम २८१ खाली खात्यापुरता रद्दबातल ठरू शकतो. मुद्रांक शुल्क आणि धावपळ मात्र फुकट.

वडील गेल्यावर त्यांच्या नावची मागणी मुलांकडे येते. तिथे घाबरायचं कारण कमी. वारसाची जबाबदारी वडिलांकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच, स्वतःच्या कमाईतून भरावं लागत नाही. फक्त पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून उत्तर द्यावं लागतं. गणपतीला गावी आलात की सातबाऱ्याच्या भांडणातून तासभर काढून हे करून टाका.

काकांनी तीन हप्ते मागितले. वीस हजार जूनमध्ये पट्टी आल्यावर, पंधरा दिवाळीनंतर, उरलेले आणि व्याज जानेवारीत. मंजूर झाले. शेवटचा हप्ता भरायला ते एकतीस डिसेंबरचे पाहुणे गेल्यावर आले. चलन भरताना मी मायनर हेड (कर कशापोटी भरतोय ते सांगणारा चलनावरचा क्रमांक) ४०० निवडला, मागणीपोटी भरायचा कर तिथेच जातो, ३०० मध्ये नाही. काकांनी चष्मा लावला, माझा हात थांबवला आणि म्हणाले, "थांब. वर्ष खंयचा घातलंस, ता मोठ्यान वाच."